सातवा मुद्दा

एका जंगलात, बाळांनो, एक साळिंदर राहत होतं. खरं तर त्या जागेला जंगल म्हटलेलं तिथल्या रहिवाशांना खपत नसे. त्यांनी वेशीवरच्या वडाला पाटी ठोकली होती : ‘निवांतबन. विद्येचं माहेरघर. हळू चालावे.’

विद्येचं माहेरघर अशासाठी, की टेकडीवर घुबडगुरुजींचं विद्यालय होतं. लांबलांबच्या रानांतून पिलं तिथं शिकायला येत. निवांतबनाला याचा भारी अभिमान. पाहुणा आला की त्याला टेकडीसमोर उभं करायचं आणि म्हणायचं, हे आमचं विद्यालय. तिथं यांच्यापैकी कुणी शिकलं नव्हतं आणि कुणी शिकवलंही नव्हतं. पण टेकडी यांच्या अंगणातून दिसायची, आणि एवढं नातं त्यांना पुरत होतं.

आता त्या साळिंदराकडे वळू. त्यांना सगळे दाजी म्हणत. जंगलात कुणालाही काही लिहून हवं असलं की तो दाजींच्या बिळाशी येई. कारण उघड आहे. लेखणी त्यांच्या अंगावरच उगवत होती. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर झरझर लिहीत सुटायचं. अर्ज, विनंत्या, तक्रारी, बारशाची बोलावणी, सगळं दाजींच्या हातचं. अक्षर इतकं वळणदार, की एकदा वाघानं स्वतःविरुद्धचा अर्ज वाचला आणि खाली ‘अक्षर उत्तम’ असा शेरा मारला. अर्जदाराचं पुढं काय झालं ते मला ठाऊक नाही. तुम्हीही विचारू नका.

दाजींचे दोन नियम होते. पहिला, आधी सगळ्या मुद्द्यांचे आकडे घालून घ्यायचे आणि मग एकेकापुढे मजकूर लिहायचा. दुसरा, एकदा हातावेगळ्या केलेल्या पानाला पुन्हा लेखणी लावायची नाही. खाडाखोड नाही, मागाहून भर नाही. चाळीस वर्षांत त्यांच्या अर्जात चूक सापडली नव्हती, आणि रोज संध्याकाळी हे ते एकदा तरी बोलून दाखवत.

दाजींना एकच मुलगी होती, मंजुळा. बापाला भेटायला येणाऱ्यांना बापाचे काटे टोचत. मंजुळा लहानपणापासून ते काटे काढी, जखमेवर पाला वाटून लावी आणि “आता दुखणार नाही” असं सांगे. ते खरंच दुखायचं थांबे. त्यामुळे पोरीनं ठरवून टाकलं होतं, की आपण वैद्य व्हायचं. ती विद्या घुबडगुरुजींकडे नव्हती. ती होती पलीकडच्या अमृतबनात, म्हाताऱ्या अस्वलवैद्यांकडे. ते चैत्रात परीक्षा घेत, नवे विद्यार्थी मोजकेच निवडत आणि उशिरा येणाऱ्याला परत पाठवत.

मंजुळा ओढ्याकाठच्या सावरीखाली बसून अभ्यास करी. अडुळसा खोकल्याला, निर्गुडी सुजेला, असं दिवसभर चालू असे. दाजी बिळाच्या तोंडाशी बसून ते ऐकत. त्यांना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ऊर भरून येई.

आता झालं काय, की टेकडीवर विद्यालय होतं, पण शिकणाऱ्या पिलांना राहायला जागा नव्हती. ती दगडाच्या कपारीत झोपत, उघड्यावर भिजत आणि सकाळी शिंकत शिंकत पाठ म्हणत. घुबडगुरुजींनी सिंहमहाराजांकडे वारंवार डोळे मोठे करून पाहिलं. शेवटी महाराजांना पाझर फुटला. ओढ्याकाठच्या सावरीवर वसतिगृह बांधायचं ठरलं. फांद्यांना सुगरणींनी घरटी विणून द्यायची आणि बुंध्याशी उंदरांनी बिळं खणून द्यायची. सूचना निघाली. सूचनेच्या शेवटी नेहमीप्रमाणे एक ओळ होती : ‘कुणाची हरकत असल्यास पौर्णिमेच्या आत लेखी कळवावे.’

बाळांनो, ही ओळ घातली नसती तर आपली गोष्ट इथंच संपली असती. तोवर कुणाचीच हरकत नव्हती. पण इतक्या अगत्यानं विचारल्यावर काहीच न सांगणं रहिवाशांना बरं दिसेना.

रहिवासी मंडळाची सभा भरली. अध्यक्ष होते नानासाहेब रानकोंबडा. रोज पहाटे सर्वांत उंच दगडावर उभं राहून अख्खं जंगल उठवणारे. त्यांनी पहिली हरकत मांडली, की विद्यार्थी आले म्हणजे आवाज होणार. सभेनं मान डोलावली. लांडोरवहिनींचं म्हणणं पडलं, की तरुण पोरं ओढ्याकाठी नाचतील आणि घरंदाज लोकांना तोंड फिरवून जावं लागेल. त्यांचे यजमान सबंध पावसाळा अंगणात काय करतात, हा विषय कुणी काढला नाही. रानडुकरांना चिखलाची काळजी वाटली. माकडांनी सांगितलं, की बाहेरची पिलं आली तर फळं चोरतील. हत्तीची पोरं शिकायला आली तर ती उभी कुठं करायची, असाही एक पोक्त प्रश्न आला. खरं तर सगळ्या विद्यालयात हत्तीचं एकही पोर नव्हतं.

दाजी लिहून घेत होते. नानासाहेबांच्या मते अकरापेक्षा कमी हरकती असलेला अर्ज केविलवाणा दिसतो. म्हणून दाजींनी आपल्या पद्धतीप्रमाणे आधी एक ते अकरा आकडे घालून घेतले. सहा मुद्दे भराभर झाले. सातव्याशी त्यांचा काटा थबकला.

कारण सातवा मुद्दा त्यांना स्वतःचा लिहायचा होता. सावर त्यांच्या बिळापासून वीस पावलांवर. तिथं पन्नास घरटी लोंबली तर मंजुळाचा अभ्यास कसा व्हायचा? पोरीचं सगळं आयुष्य त्या एका परीक्षेवर होतं. बाकीच्या हरकतींबद्दल दाजींना, खरं सांगायचं तर, काडीचंही वाटत नव्हतं. त्यांची हरकत एवढी एकच होती.

पण चारचौघांच्या अर्जात स्वतःच्या मुलीचं कसं लिहायचं? लोक म्हणतील, दाजींनी आपलं घोडं पुढं दामटलं. त्यांनी विचार केला, की जरा बऱ्या शब्दांत मांडू, सावकाश. सात हा आकडा तसाच सोडून ते आठव्याकडे वळले. आठवा मुद्दा फार गाजला. ‘आमचा शिक्षणास विरोध नाही. मात्र ते विद्यार्थ्यांवाचून व्हावे.’ अकरावाही कमी नव्हता. ‘वरील सर्व हरकती खोट्या ठरल्या तरी आमची हरकत कायम समजावी.’

तेवढ्यात बिळातून सुंदराकाकींची हाक आली, की कंद निवतायत, जेवून घ्या. सुंदराकाकी म्हणजे दाजींच्या मंडळी. त्यांच्या हाकेला दुसरी हाक नसे. दाजी हात पुसत आत गेले.

प्रती काढण्याचं काम त्या जंगलात पोपटांकडे होतं. जसंच्या तसं उतरवावं तर त्यांनीच. ते बाहेर ताटकळत बसले होते. दाजी उठून गेलेले पाहून त्यांना वाटलं, अर्ज झाला. जेवून सुपारी चघळत दाजी बाहेर येतात तो काय, चाळीस झाडांवर चाळीस पानं लागलेली. प्रत्येक पानावर सुबक अक्षरात दहा मुद्दे, आणि सहा व आठ यांच्या मधोमध एकटाच आकडा सात. पुढं कोरं.

पण हातावेगळ्या झालेल्या पानाला आता लेखणी कशी लावायची? मग त्यांनी स्वतःची समजूत घातली, की इतकं बारकाईनं वाचतो कोण.

रात्रीच्या जेवणाला सुंदराकाकींनी सहज विचारलं, “अहो, आपली मंजू तिकडं गेल्यावर राहणार कुठं?”

“तिथंही वसतिगृह बांधतायत म्हणे.”

“आणि तिथल्या लोकांनी नको म्हटलं तर?”

दाजी हसले. “अमृतबन मोठं रान आहे. तिथले लोक आपल्या नानासाहेबांसारखे कोत्या मनाचे नाहीत.”

आता सुनावणीचा दिवस. सुनावणी अधिकारी होते कासवसाहेब. ते हळू येत आणि हळू वाचत, पण डोकं शाबूत. एकेक मुद्दा ते वाचत आणि निकालात काढत. आवाजाचा मुद्दा आला तेव्हा त्यांनी नानासाहेबांकडे नुसतं पाहिलं, आणि तो मुद्दा आपोआप बाद झाला. नाचाच्या मुद्द्याला त्यांनी विचारलं, मोर कुठं आहेत? ते तालमीला गेले होते. चिखलाचा मुद्दा मांडायला उठलेले रानडुक्कर नुकतेच चिखलातून आले होते. असे सहाच्या सहा मुद्दे उडाले. कडेला विद्यार्थ्यांचा घोळका उभा होता, त्यांच्यात चुळबूळ सुरू झाली. घुबडगुरुजींनी दिवसाढवळ्या दोन्ही डोळे उघडले.

कासवसाहेब सातव्याशी आले आणि थांबले. पान जवळ धरलं, लांब धरलं, उलटून पाहिलं.

“सातव्यात काही लिहिलेलं दिसत नाही,” ते म्हणाले. “अर्ज कुणी लिहिलाय?”

सगळ्यांच्या माना दाजींकडे वळल्या. दाजी उठले. त्यांना खरं सांगता आलं असतं. साहेब, राहून गेलं. किंवा, साहेब, मुलीच्या अभ्यासाचं लिहायचं होतं, लाज वाटली. दोन्ही वाक्यं त्यांच्या जिभेवर होती. पण चाळीस वर्षांत एक चूक नाही, हे वाक्य त्यांच्या आधी उभं होतं. दाजींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि खाली पाहिलं.

नानासाहेबांना वाटलं, यात काहीतरी खोल आहे. ते तुरा सावरून पुढं आले.

“साहेब,” ते आवाज खाली आणून म्हणाले, “तो मुद्दा लिहिण्यासारखा नाही.”

बस, एवढंच. लांडोरवहिनींनी झटकन मान वळवली. एका हरिणीनं आपल्या पाडसाचे कान झाकले. माकडांनी एकमेकांकडे पाहून खूण केली. प्रत्येकाच्या मनात काहीतरी आलं, आणि प्रत्येकाच्या मनात वेगळं आलं. ज्याला ज्याची सर्वांत जास्त धास्ती, ते त्यानं त्या कोऱ्या जागेत वाचलं.

कासवसाहेबांनी मान कवचात ओढून घेतली. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली तेव्हा चेहरा गंभीर होता.

“समजलं,” ते म्हणाले. पुढचे चार मुद्दे त्यांनी वाचलेच नाहीत. वसतिगृह नामंजूर झालं.

लोकांनी दाजींना डोक्यावर घेतलं. जे बोलायचं ते न बोलता बोलले, असं म्हणत सगळे त्यांची पाठ थोपटायला धावले आणि सगळ्यांचे पंजे रक्ताळले. मंजुळाला संध्याकाळपर्यंत पाला वाटत बसावं लागलं.

गर्दी पांगल्यावर एक खोकड दाजींपाशी आली. खोकड म्हणजे माळावरची लहानशी कोल्ही. तिचं नाव तानू. ती चार दिवसांची वाट चालून शिकायला आली होती आणि ओढ्यापलीकडच्या खाणीत राहत होती.

“काका,” ती म्हणाली, “आमच्यात ते सातवं काय हाय?”

दाजींनी नजर ओढ्याकडे वळवली.

“न्हाई, सांगा. वाईट न्हाई वाटायचं. कळलं तर सुधारता तरी यील.”

“ते तुझ्याबद्दल नाही, बाळ,” दाजी कसेबसे म्हणाले.

“मग कुणाबद्दल हाय?”

दाजींना एकदम एक काम आठवलं आणि ते लगबगीनं निघून गेले. घरी येऊन पाहतात तर कसलंच काम नव्हतं. त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही. एका मुलीच्या मनात मी नसती खोट घातली, असं त्यांना वाटत राहिलं. सकाळी सत्कार होता, तेव्हा ते वाटणं मागं पडलं.

पुढं काय विचारता. दाजींच्या अर्जाची कीर्ती पसरली. पोपट हिवाळ्यात दुसऱ्या रानांत जात, तेव्हा त्यांनी अर्ज बरोबर नेला. वर जंगलाचं नाव बदलायचं, बाकी सारं जसंच्या तसं. सहा, सात कोरा, आठ. जिथं गेला तिथं चालला. सुनावण्यांत दहा मुद्दे धारातीर्थी पडत आणि सातवा एकटा किल्ला लढवी. कारण कोऱ्या जागेला उत्तर कोण देणार? काही ठिकाणी तर म्हणे सभेत सातवा मुद्दा आला की सगळे उभे राहत.

निवांतबनातले निम्मे विद्यार्थी परत गेले. वेशीवरची पाटी होती तशीच राहिली. रहिवाशांनी ती उलट नव्यानं रंगवून घेतली.

चैत्र आला. मंजुळानं परीक्षेची उत्तरं लिहून पाठवली आणि ती पहिली आली. अस्वलवैद्यांचा निरोप आला, की मुलीला घेऊन या. सुंदराकाकींनी कंद भाजून बांधून दिले. बापलेक निघाली. वाटेत मंजुळा प्रत्येक झाडाचं नाव आणि औषध सांगत होती, आणि दाजी दर वेळी “असं का?” म्हणत होते. बाळांनो, त्या दोन दिवसांत दाजींसारखा सुखी साळिंदर दुसरा नव्हता.

अमृतबनाच्या वेशीवर पाटी होती : ‘अमृतबन. ज्ञानगंगेचा उगम. विनाकारण थांबू नये.’

अस्वलवैद्यांनी मंजुळाला पाहिलं, तिच्याकडून चार पाल्यांची नावं वदवून घेतली आणि खूश होऊन डोलले. मग ओशाळून म्हणाले, की शिकायला जागा आहे, राहायला नाही. त्यांची स्वतःची गुहा इतकी अरुंद होती, की त्यांनाही आत शिरताना श्वास सोडावा लागे. वसतिगृह व्हायचं होतं, पण राहिलं. असं का विचारताच त्यांनी नुसता समोर पंजा दाखवला.

समोर एक खड्डा होता. पाया खणलेला, पाणी साचलेला. त्यात तीन बेडूक आनंदानं राहत होते. खड्ड्याशेजारी अर्जुनाचं झाड होतं, आणि झाडावर एक पान.

दाजी पुढं झाले. पाहताक्षणी त्यांनी ओळखलं. अक्षर पोपटाचं, पण वळण त्यांचं. दुसऱ्या मुद्द्याशी जांभळाचा एक थेंब सांडला होता, तोसुद्धा पोपटानं इमानानं उतरवला होता. सहा. सात. आठ. सातापुढं कोरं.

तिथल्या रहिवासी मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब सांबर होते. पाहुणे कोण आहेत हे कळल्यावर त्यांना आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. त्यांनी तिथल्या तिथं दाजींच्या अंगावर केळीचं पान घातलं, हातात बेलफळ दिलं आणि चार लोकांना हाका मारून गोळा केलं. सगळे दाजींकडे डोळे भरून पाहू लागले.

“आबासाहेब,” दाजी म्हणाले, “ही माझी मुलगी. वैद्यांकडे शिकायला आलीय. तिच्या राहण्याची सोय व्हायला हवी.”

“अहो, तुम्हीच सांगा, कशी करणार?” आबासाहेब म्हणाले. “बाकीचं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण तो सातवा मुद्दा.”

“सातवा मुद्दा नाहीच.” दाजींचा आवाज चढला. “मी लिहायचा विसरलो. चूक झाली माझी. चाळीस वर्षांत पहिली.”

हे वाक्य उच्चारायला त्यांना किती कष्ट पडले असतील, त्याचा अंदाज तुम्हाला येणार नाही. पण आबासाहेब कौतुकानं हसले आणि बाकीच्यांकडे वळून म्हणाले, “पाहिलंत? एवढं सगळं करून वर म्हणतात, मी काही लिहिलंच नाही. मोठेपण ते हेच.”

दाजींनी शपथा घेतल्या. जितक्या घेतल्या तितकं लोकांचं कौतुक वाढलं. शेवटी एका भेकरानं हळूच सांगितलं, की दाजी, पोटच्या मुलीसमोर तुम्ही तरी तो मुद्दा कसा बोलणार, आम्ही समजू शकतो. आणि आबासाहेबांनी मंजुळाकडे एक नजर टाकली, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या पाडसाला शिंगानं हलकेच ढोसलं आणि दुसऱ्या बाजूला घेतलं.

ते मंजुळानं पाहिलं. दाजींनीही पाहिलं. बेलफळ त्यांच्या हातातून गळून खड्ड्यात पडलं आणि तिन्ही बेडूक दचकले.

परत येताना मंजुळानं एकाही झाडाचं नाव घेतलं नाही. पहिला ओढा ओलांडल्यावर ती म्हणाली, “बाबा, माझ्यात ते सातवं काय आहे?”

दाजी वाटेतच बसले. त्यांना रडू आलं. साळिंदराला रडताना कुणी जवळ घेऊ शकत नाही, हे एक त्या जातीचं दुःखच आहे. मंजुळा समोर उभी राहिली आणि वाट पाहत राहिली.

“तुझ्यात काही नाही गं,” दाजी म्हणाले. “सातवी तूच होतीस. सावरीखाली तुझा अभ्यास शांतपणे व्हावा, एवढंच मला लिहायचं होतं.”

मंजुळानं एकच विचारलं.

“हे तानूला का नाही सांगितलंत?”

दाजी उठले आणि तिच्या मागून चालू लागले.

निवांतबनात पोचल्यावर मंजुळा घरी गेली नाही. ती सरळ खाणीकडे गेली. तानू अजून तिथंच होती. पुढचे पाय पोटाशी घेऊन पाठ म्हणत होती. दाजींनी तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून, मंजुळाच्या देखत. तानूनं ऐकून घेतलं. “म्हंजी आमच्यात काय नव्हतंच,” ती म्हणाली, आणि तिचा इतक्या दिवसांचा खाली झुकलेला कान वर झाला.

साळिंदराचं बीळ तुम्ही पाहिलं नसेल. लांबच लांब असतं आणि आत जागाच जागा असते. दाजींच्या बिळात तर चार दालनं नुसती वाळलेल्या पानांनी भरली होती. सुंदराकाकींनी ती पानं एका सकाळीत बाहेर काढली आणि जेवायला एक पत्रावळ जास्त मांडली. पाठोपाठ खाणीतली आणखी तिघं आली. काकींनी आणखी तीन मांडल्या. अंगण झाडताना त्या एवढंच म्हणाल्या, की हे मी तेव्हाच विचारलं होतं.

मंजुळाचं ते वर्ष मात्र गेलं. अस्वलवैद्य कुणासाठी थांबत नाहीत.

तिसऱ्या दिवशी दाजी उठून बाहेर आले, तर त्यांच्या बिळाच्या तोंडाशी एक पान लावलेलं. ‘निवासी बिळात विद्यार्थी ठेवण्याबाबत रहिवाशांची तीव्र हरकत.’ खाली अकरा मुद्दे. पोपटाचं अक्षर, दाजींचं वळण, जांभळाचा तो थेंब. सहा. सात. आठ.

मंजुळा आली, तिनं वाचलं. मग तिनं बापाच्या पाठीवरचा एक काटा उपटला, रसात बुडवला आणि त्यांच्या हातात दिला.

“लिहा,” ती म्हणाली.

“अगं, पण पूर्ण झालेल्या पानाला मी...”

मंजुळानं सातापुढच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. दाजींनी चाळीस वर्षांचा नियम मोडला. अक्षर पहिल्यांदाच वाकडं आलं, पण आलं. सातापुढं त्यांनी लिहिलं : ‘इथे मुली शिकतात.’

बातमी पसरायला कितीसा वेळ लागतो. दाजींनी सातवा मुद्दा उघड केला, असं कळल्यावर सगळं निवांतबन लोटलं. लांडोरवहिनी पुढच्या रांगेत होत्या. हरिणीनं पाडसाला घरी ठेवलं होतं. नानासाहेब तुरा सावरत आले, पान डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं, मागं काही आहे का पाहिलं. सगळ्यांच्या चेहऱ्यावर अशी निराशा पसरली, की विचारू नका.

“बघा,” नानासाहेब म्हणाले, “मी तेव्हाच म्हणालो होतो. हा मुद्दा लिहिण्यासारखा नव्हताच.”

यथावकाश कासवसाहेब सुनावणीला आले. त्या दिवशी त्यांनी अकराच्या अकरा मुद्दे वाचले, आणि अकराच्या अकरा फेटाळले. सातव्यावर त्यांनी शेरा लिहिला, की मजकूर स्पष्ट असल्यामुळे विचारात घेता येत नाही.

दाजींच्या बिळात आता सकाळपासून पाठांतराचा गलका असतो. एका दालनात तारे, एका दालनात पाला. दाजी दाराशी बसून ऐकतात. त्यांना अजूनही त्यातलं ओ की ठो कळत नाही. अर्ज लिहून घ्यायला मात्र त्यांच्याकडे हल्ली फारसं कुणी येत नाही. दाजींचा हात आता गेला, सगळं लिहून टाकतात, असं लोक म्हणतात.

तात्पर्य : बाळांनो, हरकत घेताना एक मुद्दा कोरा सोडावा. लिहिलेली हरकत कुणीही खोडून काढतो.